दीड वीत

रोसालबा उइनाओकडे मी कामाला लागलो तेव्हा
तिने माझ्या हाती पाना दिला नाही.
दात घासायचा एक जुना ब्रश दिला,
म्हणाली, आधी श्वासाच्या वाटा मोकळ्या कर.
ग्राइंडरच्या बरगड्यांतल्या त्या फटी,
त्यात सायप्रसचा भुसा, लोखंडाची पूड,
आणि चिलोएची हवा, जी कधीच पुरती वाळत नाही.
यंत्र गुदमरलं की तापतं,
आणि तापलं की आधी वासाने सांगतं.
ती प्रत्येक ड्रिल अगोदर हुंगायची.

बाहेर ओहोटीत बोटी कुशीवर पडलेल्या,
भरतीच्या आत सगळ्यांना फळ्या ठोकायच्या.
येणारा प्रत्येक जण म्हणायचा, दोन मिनिटांचं काम.
मग दोन मिनिटं बस, ती म्हणायची,
आणि वायर बोटांतून ओढत न्यायची सावकाश,
कातलेली लोकर तपासावी तशी.
जिथे चिकटपट्टी लागेल तिथे कापायची.
पट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे रे,
पट्टी म्हणजे नवस.

ओलेगारिओ ग्राइंडर घेऊन आला. कवच काढलेलं.
"मध्ये येतं," तो म्हणाला.
"येणारच. त्यासाठीच आहे."
चकतीच्या मधल्या कड्यावर तारीख असते, हे मला त्या दिवशी कळलं;
त्याची चकती दोन वर्षांपूर्वीच नासलेली.
तिने कार्बन बदलले, नखाएवढे उरले होते.
बेअरिंगला ग्रीस दिलं.
मग पक्कड घेतली, वायरीचं टोक कापलं
आणि प्लग खणात टाकला.
"कवच आण, प्लग ने."
तो काय काय बोलला ते मी लिहीत नाही.
चार दिवसांनी परत आला, कवच घेऊन.
त्यात कोंबड्यांचं दाणे खाणं चालू होतं,
एक दाणा अजून चिकटलेला.

ड्रिलची किल्ली तिने दोरीने बांधून ठेवली होती,
तीही प्लगपाशी. दोरी दोन विती.
म्हणजे बिट बदलायचं तर आधी उठा,
भिंतीपर्यंत जा, प्लग उपसा, तेव्हा कुठे किल्ली हातात.
दिवसातून चाळीस वेळा.
चाळीस वेळा मी तिला मनात शिव्या दिल्या आहेत.
तिला माहीत होतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी ती केमचीला मयताला गेली.
संध्याकाळी वाऱ्याने कुठेतरी तार पाडली, वीज गेली.
मी कोपरापर्यंत बाह्या दुमडल्या
(आईने विणलेल्या, सैल, ड्रिलला आवडतील अशा)
आणि म्हटलं, अंधारात निदान बिट तरी बदलून घेऊ.
सवयीने उठलो. चाचपत भिंतीपाशी.
प्लग उपसला, किल्ली लावली,
चक मुठीत धरून फिरवत होतो

आणि दिवे आले.

पलीकडच्या बाकावरचा जुना ग्राइंडर,
ज्याचा खटका मी चालूच विसरलो होतो,
एकटाच जागा झाला.
बाकावरून उडी मारून फरशीवर नाचला,
ठिणग्या, कवचाचा खणखणाट,
स्वतःचीच वायर खायला निघालेला.
त्याचा प्लग ओढेपर्यंत
मी किती पावलं चाललो, आठवत नाही.

मग शांतता. पत्र्यावर फक्त वारा.
माझ्या मुठीतलं ड्रिल मुकं.
अंगठ्याने त्याचं बटण चाचपलं:
आत दाबून अडकवलेलं. दुपारपासून तसंच.

बोटं मोजली नाहीत मी. ती होती.
पण दोरीची गाठ पाहिली, सुटत आलेली,
आणि खणात नवी दोरी शोधत बसलो,
ओलेगारिओचा कापलेला प्लग तिथेच होता, बाजूला सारला.

सोमवारी रोसालबा आली.
कोट काढला नाही, आधी भिंतीकडे गेली,
दोरी बोटाला गुंडाळून बघितली.
दीड वीत.
काही विचारलं नाही.
ब्रश माझ्यापुढे सरकवला
आणि फरशीवरचा तो काळा ओरखडा
बुटाने एकदा घासून पाहिला.