शीग

ट्रक पहाटे साडेतीनला आला. मंगळूरकडचा ड्रायव्हर,
नाव विचारलं नाही; चहा दिला, पावती घेतली.
ऐंशी पोती उकडा. दाभोसवाड्यातले दोघे
पाठीवर रिकामी गोणपाटं टाकून उतरवत होते,
मी बॅटरीच्या उजेडात पोत्यावरची शाई वाचत होते:
निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना,
तक्रारीसाठी फोन. तो मी एकदा लावून पाहिलाय.
पलीकडची बाई कानडीत बोलली.
आम्ही दोघी हसलो, तक्रार राहून गेली.

आठ वाजता जानकी खोबरेकरीण. टोपली पायरीवर,
चार दाणे तळव्यावर, एक दाताखाली:
"खयचो गो ह्यो?"
दर खेपेला हेच. आणि मी दर खेपेला
पोत्यावरचा जिल्हा वाचून दाखवते,
कारण खोटं सांगितलं तर दंड,
खरं सांगितलं तर ती म्हणते,
"म्हणानच पेजेक चव नाय,"
आणि पाच किलो घेते.

आपला उकडा कुठला, हे मलाही
चोपड्या काढेपर्यंत माहीत नव्हतं.
आजोबांची मोडी, कचेरीतल्या वाडकर क्लार्कने
बोट फिरवत वाचली:
उकडा, रंगून, तीनशे गोणी, गलबत…
पुढे वाळवी.
म्हणजे जानकीची पणजीही
समुद्रापलीकडची पेज पिऊन
तिला आपली म्हणत होती.

वडिलांच्या वेळी जिल्हाबंदी. दोन पोती
बांद्याच्या नाक्यावर सापडली,
सुक्या बांगड्यांच्या खाली.
रात्रभर चौकीत बसवलं त्यांना.
सकाळी फौजदार म्हणाला, उकडाच कशाला?
रेशनवर सुरय मिळतोय की.
वडील घरी येऊन दोन वाटग्या पेज प्याले
आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

परवा वैधमापनचे निरीक्षक आले, काझी म्हणून,
दापोलीचे. निळ्या मखमलीच्या पेटीत
प्रमाणित वजनं, रुखवतात मांडावी तशी.
काटा तपासला, शिक्का तपासला,
एक पोतं तोललं: एकशेचाळीस ग्रॅम कमी.
"वाळतो हो," मी म्हटलं,
"उकडून वाळवलेला, तरी वाळतोच."
त्यांनी लिहून घेतलं. काय, ते दिसलं नाही.
मग गल्ल्याखाली वाकून
पितळी शेर बाहेर काढला.

"यात विकता?"
"नाही. सुट्टे पैसे ठेवते."
खरं होतं. विकत नव्हतेच.
काटा झाल्यावर, घरात कुणी आजारी असेल त्याला,
वरून एक शेर, शीग भरून.

काट्याला शीग ठाऊक नाही.
मापाच्या काठावरचं ते दाण्यांचं टेकाड,
शेवटची मूठ सोडली की कडेने घरंगळणारं,
टिकेल तेवढं गिऱ्हाइकाचं.
आजोबा म्हणे माणूस बघून हात आखडत.
कुणाला डोंगर. खालच्या वाडीतला असेल
तर काठाला काठ, वर फळी फिरवून.
हे चोपडीत नाही. हे जानकीने सांगितलं,
अगदी सहज, मासळीचा भाव सांगावा तसं.
काटा निदान तोंड बघत नाही.

काझींनी शेर उलटा केला. तीन नाणी पडली,
ती मोजून माझ्या हातात दिली.
पावतीवर लिहिलं: माप, पितळी, बिनशिक्क्याचं, एक.
आणि पायरीवर थांबले.
"अम्मीला डॉक्टरांनी पेज सांगितलीय.
आमच्या घरात उकडा कधी शिजला नाही. पाणी किती?"
"आठपट. आणि सारखं ढवळू नका."

दोन किलो. बिल मागितलं, दिलं.
२.००० वर आकडे स्थिर झाले.
माझा हात सवयीने गल्ल्याखाली गेला
आणि रिकामा वर आला.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर
जानकी टोपली उचलता उचलता:
"त्येका खयचो दिलंस?"