शेकडा आठ आणे

माझ्या दुकानाच्या पावतीत खाली एक ओळ वाढली आहे:
रात्रगस्त, शेकडा आठ आणे.
शंभराच्या तूरडाळीवर पन्नास पैसे.
पन्नास पैसे आता कुणाच्या खिशात नसतात,
तेव्हा मी वहीत नाव टाकते
आणि पुढच्या खेपेला रुपया धरते.

ही ओळ मला नको होती.

शिमग्याच्या आधी बाळगोंडांची तंबाखूची वखार पेटली.
धूर असा, की अख्खी पेठ खोकत उभी राहिली रस्त्यावर,
लहान पोरं ओकली, गाईंच्या डोळ्यांतून पाणी.
चिकोडीहून बंब यायला सव्वा तास.
पुलापलीकडच्या गावातला बंब वीस मिनिटांत आला होता,
वेदगंगेच्या त्या काठावर थांबला,
हद्द ओलांडायला वरून हुकूम पाहिजे म्हणून.
लोक सांगतात, ड्रायव्हर खाली उतरून
फोन लावत होता, पुनःपुन्हा लावत होता.
त्याला मी बोल लावत नाही.
दुंडाप्पा आत झोपला होता. सकाळी
कंबरेच्या किल्ल्यांवरून ओळखला.

मग सभा. मग सभेवर सभा.
स्वतःचा टँकर, स्वतःचा पंप, रात्री दोन माणसं,
आणि पैसा पेठेतल्या प्रत्येक विक्रीवर.
मी उठून बोलले: घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो,
ती कुठं मुरते ते आधी विचारा की!
आणि मिठाच्या पुड्यावर गस्त कसली बसवता,
वखारवाला आणि विडीवाली एकाच तागडीत?
कोपऱ्यातनं इंदुमती बोलली, मांडीवरचं सूप बाजूला न ठेवता:
"माझं धा पैसं घ्या. पण मग
शिट्टी माझ्या बोळातबी वाजली पायजे."
तिच्या बोळात आजवर
नगरपंचायतीचा दिवासुद्धा शिरला नव्हता.

चिठ्ठीवर कानडी वर की मराठी वर,
यात अकरा दिवस गेले.
शेवटी दोन्ही शेजारी शेजारी छापल्या,
बाकावरच्या दोन रुसलेल्या जावांसारख्या.
कानडीतला प्रश्न अर्धी ओळ लांब भरला
तर म्हणे त्यात काहीतरी जास्तीचं लपवलंय.
मास्तरांनी दोन्ही वाचून दाखवल्या. काही लपलं नव्हतं.

शाळेच्या दुसरीच्या वर्गात मतदान.
भिंतीवर बे एके बे, खाली रांग.
मी नको वर शिक्का मारला, आणि बाहेर येऊन
सगळ्यांना सांगितलंही.
सहाशे बारा हवं. सहाशे एक नको.
अकरा मतं. माझ्या एका आळीत
याहून जास्त माणसं उधारीवर आहेत.

चार महिन्यांत माझ्या वहीतून नऊशे चाळीस रुपये गेले.
एवढ्यात काय येतं, मी हिशेब मांडते:
पाइपाचे चार-पाच हात,
नाहीतर इर्शादच्या दोन रात्री,
नाहीतर कल्लाप्पाच्या बॅटरीतले सेल, शिट्टी, शिट्टीची दोरी.
टँकर लाल रंगवलाय, पण जुन्या दुधाच्या डेअरीचं नाव
खालून अजून दिसतं.

आता मला झोपेतही कळतं:
बाराची चावडीपाशी. एकची मशिदीच्या मागं.
दोनची इंदुमतीच्या बोळात.

परवा दोनची वाजली नाही.
मी पडून राहिले. सव्वादोन. कूस बदलली.
मग उठले, वही घेतली,
का घेतली कुणास ठाऊक, आणि पायात चपला सरकवून
बोळापर्यंत गेले.
इर्शाद पायरीवर बसून बुटातला खडा काढत होता.
"दोनची कुठाय रे?"
तो दचकला, मग हसला.
"मावशी, तुमी तर नको म्हनला हुता."
"व्हय. आणि तरी देते. म्हणून तर विचारते."

त्यानं बूट घातला. शिट्टी वाजवली.
आतून इंदुमतीच्या खोकल्याचा आवाज आला,
तिला काही कळलं नाही, कूस बदलली असेल.
दिव्याखाली मी वही उघडली,
मिठाच्या नोंदीखाली लिहिलं:
दोनची, दोन वाजून बावीस मिनिटांनी.