अकरा सेकंद

दाभोळच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मुबीन भिंतीतून जायला शिकतोय.
पाठ भिंतीला, उडी,
आणि पाय टेकायच्या आत डावं बटण.
सेकंदाचा साठावा भाग. अलीकडे नाही, पलीकडे नाही.
चारशे बारा वेळा भिंत भिंतच राहिली.
अंगठ्याला घट्टा, वहीत रेघा,
मध्येच ‘लाईट गेली’ अशी नोंद.

खाली ट्रॉलर हलतोय.
लाटेनं काठ वर आला की मामू पाय टाकतो,
न बघता, खांद्यावर लादी घेऊन.

चारशे तेरा.
आत!
पलीकडे नुसता काळोख,
जमीन नाही, संगीत मात्र चालू.

मामू जिन्यात थांबतो. कोपरावरून पाणी गळतंय.
“काय मिळालं रे?”
“अकरा सेकंद.”
“वितळायच्या आत सांग, ठेवू कुठं?”