नखाएवढं चित्र

फैजपुरात, गिरणीच्या वरच्या खोलीत
पंखा बंद ठेवून बिबड्यांचे नवे फोटो काढले.
पांढऱ्या कार्डशीटवर, एकही तुकडा न मोडता,
बिनसावलीचे.

रात्री साडेअकराला दुकानात चढवले.
आत उघडलं की नवा दिसतो,
बाहेर यादीत मात्र जुनाच:
खाट, तिच्यावर वैजंताचं धुवट पातळ,
आणि कोपऱ्यात तिची दोन बोटं,
वाळलं का म्हणून कड उचलून बघणारी.

भाच्याला फोन केला, सुरतेला.
म्हणाला, मावशी, लहान चित्रं वेगळी साठवलेली असतात.
मोठं बदललं म्हणून ती बदलत नाहीत,
पुन्हा घडवावी लागतात.
एक बटण आहे बघ.

अंगठ्याच्या नखाएवढी जागा.
तेवढ्यात एप्रिलचं ऊन मावलं होतं, गच्चीचा कठडा,
आणि भांडणाच्या आधीचा शनिवार.
हिशेब साडेचार हजारांचा होता.
ती म्हणे, तीन.

बटण दाबलं.
दोनशे बारापैकी चाळीस. नव्वद.
कळण्याचे पापड पांढऱ्यावर आले, शेवया आल्या,
भरताचा मसाला आला,
एकशे सत्त्याऐंशीला लाइट गेली.

सकाळी पाहते तर
उरलेल्या पंचविसांत बिबड्या.
आणि रात्रीतून एक ऑर्डर: सहा पाकिटं,
पत्ता सावद्याचा, नाव वैजंता कोल्हे.
निरोपाच्या चौकटीत एवढंच,
मीठ अजून कमीच टाकते का, पाह्यते.

डबा उघडला.
एक तुकडा मोडून तोंडात टाकला.
कमीच आहे.