रिकामी जागा

निकालाची अठ्ठावीस पानं काल रात्रीच टाइप झाली.
शेवटच्या पानावर मी जागा सोडली,
दोन बोटं रुंद :
आरोपीस      वर्षे सश्रम कारावास.

खून नाही, सदोष मनुष्यवध.
अकरा वाजता वाचून झालं.
उकंडा राऊतला त्यातलं ‘खून नाही’ एवढंच कळलं.
तो चपला शोधायला लागला.

“शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?” बाईंनी विचारलं.
विचारावंच लागतं.

“काय सांगू? डावा बैल देवमनचा, उजवा माहा.
शंकरपटात एकच जोडी धावे आमची.
बक्षिसाच्या वाटणीवरून बोलाचाली झाली.
हाती बंडीची उभारी होती. एकच हाणली.
मंग मीच घातला त्याले बंडीत,
त्याच बैलाइवर आणला पांढरकवड्याले.”

सरकारी वकील म्हणाले, दहा.
बचावाचे म्हणाले, भोगली तेवढी पुरे,
घरी म्हातारी आई, लेक सातवीत.
वीस वर्षं मी हे टाइप करतो.
लेक नेहमी सातवी-आठवीतच असते.

मागच्या बाकावर पंचफुला, देवमनची.
तिलाही विचारलं बाईंनी.
“किती बी द्या.
पर याचा बैल माह्या गोठ्यात हाये.
आमचा त्याच्याबिगर दावणीले राहत नाही.
हा सुटून आला तं बैल मांगन का?”

वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं.
याचं कलम नाही.

चेंबरमध्ये डबा उघडा, भाकर तशीच.
बाईंनी पेन्सिलीनं सात लिहिलं,
खोडलं, पाच लिहिलं.
रबराचा भुगा फुंकरीनं उडाला,
दोन वर्षं, माझ्या पायाशी.
“दवाखान्यात त्यानंच आणला,” त्या म्हणाल्या,
माझ्याशी नाही.
मग बऱ्याच वेळानं, “पण डोक्यातच का?”

अडीचला मी सहा टाइप केलं.
आकड्यात, मग अक्षरी,
आकड्याचा काय भरवसा.
कोठडीतले चारशे बारा दिवस वजा.
दंडातून तीस हजार पंचफुलाला.
मुद्देमाल क्रमांक तीन, बाभळीची उभारी,
अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी.
बैलाचं काही नाही.

सहीआधी पानं चाळताना, एकोणिसाव्यावर,
जुन्या निकालातून उचललेल्या परिच्छेदात
एका ठिकाणी ‘आरोपी नथ्थू’ राहिला होता.
काढला त्याला.
मग पहिल्या पानापासून
पुन्हा वाचायला बसलो.