बघणाऱ्याची जागा

उद्यमबागेत, वजनकाट्याच्या मागल्या बोळात आमची फाउंड्री.
रोज संध्याकाळी मी आकडे भरते:
हीट नंबर, वाळूचा ओलावा,
किती ओतली, किती नासली, कशानं नासली.
ब्लोहोल म्हणजे सतरा.
कोअर सरकली की बावीस.
कशातच बसेना, तर नव्व्याण्णव: इतर.
परशराम मेस्त्री तोंडानं बोलत नाहीत,
भट्टीच्या आवाजात नुसती बोटं दाखवतात,
मी समजते.

मार्चात बेंगळुरूचा माणूस आला.
लॅपटॉप उघडला, गोल आलेख, उभे आलेख,
आमचंच नासलेलं बीड
इतकं रंगीत मी कधी पाहिलं नव्हतं.
म्हणाला, बनवणारा वेगळा, बघणारा वेगळा.
बनवणाऱ्याला महिन्याला सत्तर डॉलर,
बघणाऱ्याला पंधरा.
वर्षाचे एकदम, वर अठरा टक्के,
आणि पाच जागांच्या खाली विकतच नाहीत.

तवनाप्पा अकौंटंटनी डॉलर रुपयांत उतरवले,
मग चष्मा उतरवला.
"एवढ्यात तीन टन बीड येतंय की, सावकार."

तरी घेतलं.
बनवणारा एक: सावकारांचा ऋषभ, पुण्याहून शिकून आलेला.
बघणारे चार: सावकार, त्यांचे थोरले बंधू,
तवनाप्पा, क्वालिटीचे हलगेकर.
भरणारीचं काय, मी विचारलं.
माणूस हसला. वाईट नव्हता.
"मॅडम, भरायला पैसे पडत नाहीत."

जूनमध्ये हलगेकर शिरोलीला गेले,
कोगनोळीचा नाका ओलांडला की तासाभरात,
चार हजार जास्त मिळतात म्हणून.
कपाटात त्यांचं हेल्मेट राहिलं,
आणि जागा राहिली, त्यांच्याच नावानं.
पासवर्डची चिठ्ठी ड्रॉवरच्या तळाशी होती.
मुद्दाम शोधली असं नाही.
शोधली.

दुपारी एकला सगळे डबे उघडतात
तेव्हा मी हलगेकर होते.
पडदा म्हणतो, या, हलगेकर.
मला काही वाटत नाही.
दोन लिप्यांतल्या पाट्या वाचत वाढलेलं माणूस
कुठल्याही नावाला ओ देतं.

आणि तिथं, एका हातानं भाकरी मोडताना,
दिसलं:
सगळ्यात उंच खांब इतर-चा.
सतरा नाही, बावीस नाही. नव्व्याण्णव.
आणि तोही सोमवारी उंच,
मंगळवारी गुडघ्यावर,
बुधवारपासून जवळजवळ नाहीच.

मेस्त्रींना गाठलं. सोमवारी काय होतंय?
"रविवारी ओव्हन बंद. पयला घाणा कच्चा निघतोय,
कोअर आतनं फुटते."
कधी कळलं तुम्हाला?
"चौदा वर्षं झाली.
बोटं दाखवत होतो की तुला.
तुझ्या खिडकीत त्याला कोड न्हवता,
तू इतर टाकलीस."

त्या संध्याकाळी मी एकतीस नंबर उघडला.
कोणाला विचारलं नाही.
भरायला पैसे पडत नाहीत.

परत मार्च आला, परत बिल.
सावकार म्हणाले, एक तरी जागा कमी करा.
तवनाप्पांनी कोण किती बघतो त्याची यादी काढली:
सावकार, वर्षात सहा वेळा.
थोरले बंधू, एकदा, उद्घाटनाला.
तवनाप्पा स्वतः, दर महिन्याच्या एक तारखेला.
हलगेकर, रोज.

केबिनमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग तवनाप्पांनी चष्म्यावरून
काचेबाहेर, माझ्या टेबलाकडं पाहिलं.
माझ्या डब्याकडं.
घड्याळाकडं.

"गेलेला माणूस सगळ्यात जास्त बघतोय,
सावकार. ही जागा ठेवू या.
थोरल्यांची काढा."

मी मान वर केली नाही.
सतरा, सतरा, बावीस,
पलीकडून मेस्त्रींनी तीन बोटं दाखवली,
मग एक.