दोन इंच

एकतीस वर्षं सातपूरच्या लाइनवर
मी गाड्यांची उंची मोजली.
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत.
चार मिलिमीटर इकडे किंवा तिकडे,
की लाल स्टिकर.
कुणाशी हुज्जत नाही. ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग.

आता वडाळा नाक्यावर, इद्रिसच्या शेडमध्ये
माझीच गाडी घोड्यांवर चढवलेली,
चारी चाकं भिंतीला टेकून बसलेली,
आणि इद्रिस विचारतोय,
"किती उचलू, साहेब?"
दोन इंच, मी म्हणालो.
पन्नास पूर्णांक आठ दशांश,
आतला इन्स्पेक्टर लगेच पुटपुटला.
त्याला म्हटलं, तू बाहेर जाऊन चहा घे.

जुनी स्प्रिंग कुरकुरत निघाली.
तिच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका अजून होता,
आमच्यापैकीच कुणीतरी लावलेला,
तपासलं, पास, असं सांगणारा.
नखानं खरवडून पाहिला.
निघाला नाही.

मग लांब शॉक आले, ब्रेकचे लांब होज,
रात्रभर डिझेलमध्ये भिजलेले बोल्ट,
आणि इद्रिस गाडीखालून, नुसते पाय दिसत असताना, बोलला,
"नाराज होऊ नका, पण सांगून ठेवतो.
बॉडी वर जाईल, चेसिस वर जाईल,
मागचा हा गोळा मात्र एक सूत हलायचा नाही.
तो एक्सलला बांधलेला.
तुम्ही कितीही उचला,
हा जिथं आहे तिथंच."

मला हे ठाऊक होतं.
तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना
मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

घरी आणली तर कुमुद पायरीवर उभी.
एक पाय वर टाकून पाहिला, खाली घेतला.
"ड्रॉइंगमध्ये माझे गुडघे धरले होते का?"
आत गेली, पितळी फुलांचा पाट घेऊन आली,
दाराखाली ठेवला, चढली,
मग वाकून पाट ओढून मांडीवर घेतला.
"चला."

त्र्यंबक रोडला संध्याकाळी
समोरचा प्रत्येकजण मला डिपर मारत होता.
माझे दिवे वडांच्या शेंड्यांत,
बगळ्यांच्या झोपेत.
दुसऱ्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून
स्क्रू फिरवत फिरवत
तो उजेड जमिनीवर आणला.

आणि रविवारी हरसूलच्या पुढं, एक कोरडा ओढा.
टायरची हवा अठरावर उतरवली.
मधोमध धोंडा, म्हशीच्या पाठीएवढा.
जन्माची सवय: अडथळा आला
की दोन्ही चाकं वाचवून तो पोटाखालून जाऊ द्यायचा.
तसाच घेतला.
ठण्ण.
गोळा धोंड्यावर, चाक हवेत,
आणि दोन इंच वर बसलेला मी,
कुठंच जात नसलेला.

जॅक लावला तर वाळूत रुतत गेला,
जितका फिरवू तितका खाली.
कुमुदनं काही न बोलता पाट पुढं केला.
मी म्हटलं, अगं, हा...
"लावा."

पाटावर जॅक, जॅकवर एक्सल,
चाकाखाली एकेक दगड सरकवत तास गेला.
मग ती पुढं जाऊन उभी राहिली,
पदर खोचून, हात वर करून,
"उजवं चाक धोंड्यावरच घाला! चुकवू नका!"
हे तुला कुणी सांगितलं?
"इद्रिसनं. तुम्ही कॅलेंडर बघत होतात तेव्हा
मी बाहेर रिक्षातच होते."

गाडी कलली. माझ्या काचेत नुसतं आभाळ, तिच्या रिकाम्या सीटकडं सगळी जमीन.
मग धोंडा मागं पडला.

पाटावर आता जॅकचा गोल ठसा आहे.
ती पॉलिश करू देत नाही.
दिवाळीत अभ्यंगाला त्याच्यावर बसलो,
तिनं पाठीला उटणं लावलं तेव्हा
मी बोट खाली घालून ठसा चाचपला.
सहा मिलिमीटर खोल असेल.
अंदाजे.